आग्नेय आशियाची आलिशान क्रूझ : आधी बंदरं पाहा, मग जहाज

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, नुकतीच घेतलेली निवृत्ती किंवा परदेशात राहणाऱ्या मुलांबरोबर घालवायचे दोन आठवडे, अशा निमित्तांनी आपल्याकडची बरीच मंडळी आता आग्नेय आशियातल्या आलिशान क्रूझची चौकशी करतात. विचार चांगलाच आहे. मुंबईहून सिंगापूर विमानाने साधारण साडेपाच तासांवर, हवा आपल्याला झेपणारी, आणि एकदा केबिनमध्ये बॅग रिकामी केली की हॉटेल न बदलता तीन-चार देश पाहून होतात. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना बरोबर न्यायचं असेल, तर याहून सोयीचा प्रवास सापडणं कठीण.

मात्र या सहलीला मोठे पैसे मोजावे लागतात आणि ते कशाकरता मोजतोय हे पाहायचं राहून जातं. माहितीपत्रकात फोटो असतात ते बाल्कनीचे, शॅम्पेनचे, पोहण्याच्या तलावाचे. आपणही सूट किती चौरस फुटांचा, बटलर मिळणार का, एवढंच विचारतो. ते सगळं बहुतेक आलिशान जहाजांवर चांगलंच असतं. सहल रंगते किंवा फसते ती बंदरात. जहाज नेमकं कुठे लागतं, किती तास थांबतं आणि त्या तासांचं तुम्ही काय करता, यावर सगळं अवलंबून आहे.

शहराचं नाव एक, बंदर दुसरंच

वेळापत्रकात ‘बँकॉक’ लिहिलेलं असतं, पण बहुतेक मोठी जहाजं लागतात ती लाएम चबांग या मालवाहू बंदरात. तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. हिशेब मांडून पाहा. जहाज सकाळी सातला लागलं आणि संध्याकाळी सहाला सुटणार आहे. उतरून बसमध्ये बसेपर्यंत आठ वाजतात. शहरातल्या गर्दीतून राजवाड्यापाशी पोचायला साडेदहा. सुटण्याआधी किमान अर्धा तास सगळ्यांनी जहाजावर परतायचं असतं आणि संध्याकाळच्या वाहतुकीचा भरवसा नसतो, म्हणून अडीचच्या सुमारास बँकॉक सोडायलाच हवं. अकरा तासांच्या मुक्कामातले चार तास हाती लागले आणि त्यातला एक जेवणात गेला.

हीच गोष्ट इतर ठिकाणी. ‘हो ची मिन्ह सिटी’ म्हणजे बहुतेक वेळा फू मी बंदर, शहरापासून दीड ते दोन तासांवर. ‘हुए’ किंवा ‘दा नांग’ म्हणजे अनेकदा या दोन शहरांच्या मधलं चान मे. ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग, तासा-सव्वा तासावर. ‘हनोई’ म्हणजे हा लाँग, तिथून हनोई दीडशे किलोमीटरहून लांब. ‘बाली’ म्हणजे दक्षिणेचं बेनोआ असेल किंवा उत्तर किनाऱ्यावरचं चेलुकान बावांग, आणि उबुद पाहायचं असेल तर या दोहोंत बराच फरक पडतो. कंबोडियातलं सिहानुकव्हिल वेळापत्रकात दिसलं म्हणून अंगकोर वाट पाहायला मिळेल, अशी आशा धरू नका. अंगकोर तिथून इतकं दूर आहे की एका दिवसात जाऊन येणं होत नाही. ते पाहायचंच असेल तर क्रूझच्या आधी किंवा नंतर सिएम रीपला वेगळे तीन दिवस ठेवा.

याउलट पेनांगला जहाज थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि जुनं शहर चालत गाठता येतं. सिंगापूरचं मरीना बे क्रूझ सेंटर शहरातच आहे. छोट्या जहाजांचा मोठा फायदाही इथेच कळतो. पाच-सातशे प्रवाशांची काही जहाजं चाओ फ्राया नदीतून वर जाऊन बँकॉकमधल्याच ख्लोंग तोई बंदरात लागतात, तर काही सायगॉन नदीतून हो ची मिन्ह सिटीपर्यंत जातात. तिथे रात्रभर मुक्काम असेल तर दोन दिवस आणि एक अख्खी संध्याकाळ तुमची.

म्हणून बुकिंगपूर्वी एजंटला प्रत्येक बंदराबद्दल तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. जहाज कोणत्या बंदरात लागणार? किती वाजता येणार आणि किती वाजता सुटणार? धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीने, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेणार? को समुई, न्हा त्रांग, कोमोडो अशा ठिकाणी बहुधा टेंडरच असतो. हलत्या बोटीत पाय टाकणं वयस्कर माणसांना अवघड जातं, व्हीलचेअर असेल तर अनेकदा नेतच नाहीत, आणि समुद्र खवळला तर तो थांबाच रद्द होतो.

भाड्यात काय आहे, काय नाही

आलिशान जहाजांचं भाडं सहसा दर माणशी दर रात्री पाचशे डॉलरच्या पुढे असतं. आकडा मोठा वाटला तरी त्यात काय काय आलं ते पाहिल्याशिवाय तुलना करू नका. सिल्व्हरसी प्रत्येक सूटला बटलर देते, रीजंट सेव्हन सीज किनाऱ्यावरच्या बहुतेक सहली भाड्यातच धरते, सीबर्नमध्ये पेयं आणि टिप आलेली असते. व्हायकिंगची सागरी जहाजं १८ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, त्यांवर कॅसिनो नसतो आणि प्रत्येक बंदरात एक सहल भाड्यात असते. नातवंडांना घेऊन जायचं असेल तर ही जहाजं तुमच्यासाठी नाहीत. मोठ्या कुटुंबाला सिंगापूरहून सुटणारं जेंटिंग ड्रीमसारखं तीन हजारांहून अधिक प्रवाशांचं जहाज सोयीचं पडतं. त्यावर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, आणि वरच्या दर्जाच्या सूट्सचा स्वतंत्र विभागही आहे.

छापलेलं भाडं दोघांनी एक केबिन घेतली असं धरून असतं. एकट्याने जाणाऱ्याला बरेचदा दीडपट ते दुप्पट मोजावं लागतं, पण एकट्यांसाठीच्या सवलतीही निघतात, त्या विचारून घ्या. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं की तो त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, घेतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, म्हणून पैसे भरतेवेळचा दर विचारा. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. पावती आणि आयकर खात्याकडची नोंद जुळते का, ते तपासा.

कोणत्या महिन्यात

या भागात ‘नोव्हेंबर ते मार्च हंगाम’ असं सरसकट सांगतात, पण हवा प्रत्येक किनाऱ्याची वेगळी. फुकेत, लांगकावी आणि पेनांगच्या बाजूला डिसेंबर ते मार्च कोरडा असतो. मध्य व्हिएतनाममध्ये मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरदार पाऊस पडतो आणि होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. बालीत नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळाच. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे दक्षिण चीन समुद्र उसळलेला असतो, तेव्हा बोट लागणाऱ्यांनी सिंगापूर ते हाँगकाँग हा मार्ग टाळावा. व्हिएतनामसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च सगळ्यात बरे. हा लाँगला तेव्हाही धुकं आणि गारवा असतो, स्वेटर लागतो.

दोन सणांकडे लक्ष ठेवा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येणाऱ्या तेत या व्हिएतनामी नववर्षात दुकानं आणि हॉटेलं कित्येक दिवस बंद असतात. बालीत साधारण मार्चमध्ये न्येपी येतो. त्या दिवशी संपूर्ण बेट २४ तास बंद, विमानतळसुद्धा. क्रूझ बालीत संपत असेल तर परतीचं तिकीट काढण्यापूर्वी ही तारीख पाहाच.

व्हिसा : जहाजावर चढण्याआधीच सगळे

वाटेतल्या एखाद्या देशाचा व्हिसा नसेल, तर ‘त्या बंदरात आम्ही उतरणारच नाही’ हे उत्तर बऱ्याच कंपन्यांना चालत नाही. पहिल्याच धक्क्यावर तुम्हाला चढू दिलं जात नाही आणि भाडं परत मिळत नाही. म्हणून बुकिंगच्या दिवशीच देशवार यादी करा.

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत निघतो. क्रूझ सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच संपत असेल तर तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता, तेव्हा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे पाहा. येण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते मोफत आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. मलेशिया आणि थायलंडला हे लिहितेवेळी भारतीय पर्यटकांना व्हिसा लागत नाही, पण दोन्हीकडे डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचे ५०. अर्जात प्रवेशाचं ठिकाण म्हणून विमानतळाऐवजी ते बंदर निवडायचं असतं. जहाज व्हिएतनाम सोडून दुसऱ्या देशात जाऊन पुन्हा व्हिएतनामला येणार असेल तर अनेक प्रवेशांचाच घ्या. इंडोनेशियात व्हिसा ऑन अरायव्हलला पाच लाख रुपिया लागतात, आणि बालीत पर्यटक म्हणून आणखी दीड लाख रुपिया कर आहे. हाँगकाँगला आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. हे नियम मध्येच बदलतात, तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी त्या-त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा खात्री करून घ्या.

आपल्याकडची एक खास अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, आधारवर आडनाव आधी असतं, लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर येतं आणि दुसऱ्यावर येत नाही. क्रूझचं तिकीट, विमानाचं तिकीट आणि प्रत्येक व्हिसा यांवर पासपोर्टवरचंच नाव त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने हवं. पासपोर्टची मुदत सहल संपल्यानंतर किमान सहा महिने उरलेली असावी. जहाजावर पासपोर्ट बरेचदा स्वागतकक्षात जमा करून घेतात, म्हणून त्याची एक रंगीत प्रत स्वतःजवळ ठेवा.

वेळ सार्थकी लावणारी बंदरं

पेनांगला जहाजाची सहल घेऊ नका, चालायला निघा. जॉर्ज टाउनला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. क्वीन स्ट्रीटवरचं महामारीअम्मन मंदिर १८३३चं, चार पावलांवर कपितान केलिंग मशीद, तिथून जवळच चिनी करुणादेवीचं मंदिर, आणि समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या च्यू कुळाच्या लाकडी घरांची वस्ती. सकाळी साडेआठला निघालात तर ऊन चढायच्या आत हे सगळं पाहून लिटल इंडियात डोसा खायला बसता येतं.

मध्य व्हिएतनाममध्ये बहुतेक जण होई आनला जातात. ते गाव सुंदर आहेच. पण जहाज दा नांगच्या तिएन सा बंदरात लागणार असेल, तर मी सोन निवडा. चंपा राज्याने चौथ्या ते तेराव्या शतकांत इथे विटांची शिवमंदिरं उभारली. अमेरिकन बॉम्बफेकीत त्यातली बरीच पडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाने इथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० मध्ये त्यांना अखंड दगडातलं शिवलिंग सापडलं. एवढ्या लांब येऊन आपल्या शिवाचं दर्शन त्या मातीच्या रंगाच्या विटांत घेणं, हा अनुभव चुकवू नये. जहाज चान मेला लागलं तर मी सोन फार दूर पडतं. मग हुएचा राजवाडा पाहा.

जावामध्ये सेमारांगहून बोरोबुदूर दोन ते अडीच तासांवर. नवव्या शतकातला हा बौद्ध स्तूप, त्यावर अडीच हजारांहून अधिक शिल्पपट. वर चढण्याची परवानगी दिवसाला ठरावीक लोकांनाच मिळते आणि तिकीट आधी काढावं लागतं. दगड झिजू नये म्हणून चढणाऱ्यांना विणलेल्या चपला देतात. जहाजाच्या सहलीत ‘वर चढणे’ धरलंय की केवळ प्रांगणात नेणार, हे स्पष्ट विचारा. शिडांची जहाजं कोरलेले पट खालच्या मजल्यांवर आहेत. ते दाखवायला वाटाड्याला आधीच सांगून ठेवा. त्याच दिवशी प्रंबाननचं शिवमंदिरही दाखवतो, असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, दोन्ही अर्धवट होतील.

जहाजाची सहल घ्यायची की स्वतः गाडी करायची? यासाठी साधा नियम पाळा. ठिकाण बंदरापासून तासाभराच्या आत असेल तर खुशाल स्वतः जा. त्याहून दूर असेल तर जहाजाचीच सहल घ्या, कारण रस्त्यात उशीर झाला तर जहाज स्वतःच्या सहलीसाठी थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. स्वतः गेलात तर परतीला दोन तास हाताशी ठेवा. थायलंड, व्हिएतनाम आणि पश्चिम इंडोनेशियाची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे, सिंगापूर, मलेशिया आणि बालीची अडीच तास. फोन आपोआप वेळ बदलतो, पण जहाजाची वेळ कधी कधी वेगळी असते. मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि सगळे बेत त्यावरच करा.

व्हिएतनाममध्ये पैसे देताना नोटा नीट पाहा. २०,००० डोंग आणि ५,००,००० डोंग या दोन्ही नोटा निळसर आहेत. एक सत्तर रुपयांच्या आसपासची, दुसरी सतराशेच्या. घाईत टॅक्सीवाल्याला दुसरी नोट दिली जाते. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की हा घोळ होत नाही.

खाणं आणि तब्येत

जहाजावर शाकाहाराची सोय होते, पण बुकिंग करतानाच लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटून कांदा, लसूण, अंडं चालतं की नाही ते सांगा. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी वरण-भात, भाजीही करून देतात. किनाऱ्यावर जास्त जपावं लागतं. व्हिएतनामी आणि थाई भाज्यांत माशांचा सॉस असतो, मलेशियात कोळंबीची बेलाचान पेस्ट. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये देवळांजवळची ‘चाय’ अशी पाटी असलेली खाणावळ पूर्ण शाकाहारी असते.

बोट लागत असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. सगळ्यात वरचा महागडा सूट सगळ्यात जास्त हलतो. गोळ्या डॉक्टरांना विचारून आणा. त्यातल्या काहींनी झोप येते आणि वयस्कर माणसांचा तोल जाण्याची भीती असते. पोटाच्या साथी जहाजावर लवकर पसरतात. नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवा.

विमा काढताना दोन गोष्टी तपासा. समुद्रातून हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च त्यात आहे का, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीचे आजार धरले आहेत का. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल लावतो आणि गंभीर रुग्णाला हलवण्याचा खर्च कित्येक लाखांत जातो. आजार लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी त्याच वेळी नाकारली जाते.

बॅग भरताना

दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं : सिंगापूरमध्ये खसखस ही प्रतिबंधित वस्तू आहे. म्हणजे अनारसे, खसखस घातलेलं करंजीचं सारण आणि तसाच मसाला घरीच ठेवा. खायचा तंबाखू, गुटखा, खैनी आणि ई-सिगारेटही तिथे चालत नाहीत. थायलंडमध्येही ई-सिगारेटवर बंदी आहे. जहाजावर इस्त्री, किटली, मेणबत्ती, निरांजन नेता येत नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घ्या, बँकॉकच्या राजवाड्यात त्याशिवाय आत सोडत नाहीत. संध्याकाळच्या जेवणाला साडी किंवा चांगला कुर्ता उत्तम शोभतो, सूट-टायची सक्ती समजू नका.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि केबिनमध्ये संध्याकाळी पोचतात. औषधं, चष्मा, कागदपत्रं, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा, मगच बॅग बंद करा. विमानाने आदल्या दिवशीच पोचा, कारण विमान चुकलं म्हणून जहाज थांबणार नाही. सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत असते. २०१२ मधल्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर याबाबतचे नियम कडक झाले. आईवडिलांसह सगळ्यांनी ती नीट करा, आणि आपला जमण्याचा मजला चालत जाऊन पाहा.

पैसे कुठे घालावेत

दोन क्रूझमध्ये निवड अडली, तर समुद्रातले दिवस, बंदरातले तास आणि रात्रभराचे मुक्काम कागदावर शेजारी शेजारी लिहा. मोठ्या सूटसाठी द्यायचे पैसे एका शहरात रात्र काढणाऱ्या छोट्या जहाजावर घाला. आलिशान जहाजांच्या चांगल्या केबिन आठ-दहा महिने आधी भरतात, म्हणून पुढच्या हंगामाची चौकशी आत्ताच सुरू करा. एजंटला पहिला प्रश्न केबिनबद्दल विचारू नका. बंदरांची खरी नावं आणि वेळा मागा. त्या देताना जो अडखळत नाही, त्याच्याकडेच बुकिंग करा.